नाशिकच्या गच्चीवर उन्हाळी भाज्यांची रोपं: बी कधी टाकायचं, लागण कधी करायची

प्रश्न थोडक्यात असा. इंदिरानगरात फ्लॅटची गच्ची आहे. टोमॅटो, मिरची, वांगी आणि एक-दोन वेल लावायचे आहेत. जानेवारीच्या अखेरीस स्वयंपाकघराच्या खिडकीत ट्रे ठेवून बी टाकलं. टोमॅटो उगवला, पण लांबच लांब वाढून आडवा पडला. मिरची तीन आठवडे झाले तरी वर आलेली नाही. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये रोपं सात-आठ आठवडे घरात दिव्याखाली वाढवा असं सांगतात. आता फेब्रुवारी निम्मा सरला. पुन्हा बी टाकावं का, आणि टाकलं तर कुंडीत लागण कधी करावी?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. टोमॅटोचं बी आता पुन्हा टाकू नका. पडलेल्यांपैकी जी रोपं वाचवता येतील ती वाचवा (कशी ते पुढे सांगतो) आणि कमी पडतील ती तयार रोपं नर्सरीतून आणा. मिरची आणि वांगी आजही टाकता येतील. वेलांना तर हाच मुहूर्त आहे. भेंडी-गवार लावायची असेल तर रोपांच्या भानगडीत न पडता बी थेट कुंडीत टोकायचं.

आता कारणं. मी नाशिकजवळच्या गिरणारे भागात बरीच वर्षं भाज्यांची रोपं तयार करतोय, आणि दर फेब्रुवारीत शहरातून येणाऱ्या लोकांचा घोटाळा बहुतेक एकाच जागी झालेला असतो. ते थंडी संपायची वाट बघतात. व्हिडिओ ज्या देशांतले असतात तिथे मार्च-एप्रिलपर्यंत जमीन गोठलेली असते, शेवटचं हिमतुषार पडून गेल्याशिवाय रोप बाहेर काढता येत नाही, म्हणून ते सात-आठ आठवडे घरात सांभाळतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात हे खरं. पण ते आठ-दहा दिवसांचं काम असतं आणि दुपारी ऊन असतंच. आपला हंगाम थंडीने अडत नाही, तो पुढच्या टोकाला उन्हाने संपतो. दुपारचं तापमान ३५ अंशांच्या वर राहायला लागलं आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फूल देठापासून गळतं. झाड हिरवंगार दिसतं, फुलं येतात आणि फळ एकही नाही. मग लोक खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतात.

म्हणून बी टाकायची तारीख एप्रिलपासून उलटी मोजायची. टोमॅटोला लागणीनंतर फुलोऱ्यावर यायला साधारण महिना लागतो. फळधारणेचा मोठा हिस्सा मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवा असेल, तर लागण फेब्रुवारीच्या मध्याला, आणि रोप महिन्याभराचं हवं म्हणजे बी जानेवारीच्या मध्याला. आपल्या भाषेत सांगायचं तर संक्रांत झाली की बी, शिवरात्रीच्या आसपास लागण, आणि होळीला झाडाने मूळ धरलेलं असलं पाहिजे. थंडी शिवरात्रीला शिव-शिव म्हणत जाते असं आपण म्हणतो; लागण तिच्या जाण्याबरोबर झाली पाहिजे. तुम्ही आज टोमॅटोचं बी टाकलंत तर रोप मार्चच्या मध्याला तयार होईल आणि फुलं एप्रिलच्या मध्याला, ऐन उन्हाच्या तडाख्यात येतील. ती मेहनत वाया जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, एप्रिलमध्येसुद्धा पहाटे गारवा असतो, त्यामुळे जळगावपेक्षा आपल्याला थोडी सवलत मिळते. पण ती थोडीच.

मिरची आणि वांगी उन्हाला जास्त सोशीक असतात. मे महिन्यात फुलं गळाली तरी झाड जगतं, आणि वळवाचा पाऊस पडून हवा निवळली की पुन्हा लागतं. कुंडीतली चांगली सांभाळलेली मिरची वर्षभर तोडता येते. त्यामुळे त्यांचं बी फेब्रुवारीत टाकलं तरी तोटा नाही, फक्त एप्रिल-मेमध्ये सावली धरायची तयारी हवी.

आता तुमची मिरची का उगवली नाही ते बघू. बियाला हवेचं तापमान कळत नाही, त्याला भोवतीच्या मातीचं कळतं. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत आठ-नऊ दिवसांत वर येतं. माती २० अंशांवर असेल तर बारा-तेरा दिवस लागतात, आणि १५ अंशांवर जवळजवळ २५ दिवस. टोमॅटोचं तेच: २५ अंशांत सहा दिवस, १५ अंशांत दोन आठवडे, १० अंशांत दीड महिना. जानेवारीअखेर नाशिकच्या रात्री १०-१२ अंशांच्या असतात. खिडकीचा कडप्पा किंवा गच्चीचा स्लॅब रात्रभर गार पडतो आणि त्यावर टेकलेला ओला ट्रे त्याहून गार. दुपारी तासभर ऊन आलं तरी ओलसर कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) तापायला वेळ लागतो. म्हणजे तुमच्या मिरचीला दिवसातले मोजकेच तास उबेचे मिळाले. बी खराब असेलच असं नाही.

दोन-तीन खणांतलं बी टाचणीने उकरून बघा. दाणा टणक असेल, दाबल्यावर दबत नसेल तर ते जिवंत असण्याची शक्यता आहे. ट्रे उबेला हलवा आणि आठवडाभर वाट बघा. बोटाखाली पिचकून पाणी निघालं, वास आला, तर ते कुजलंय. मग ते माध्यम टाकून द्या आणि नव्याने सुरुवात करा. त्याच कोकोपीटमध्ये पुन्हा बी टाकू नका.

उगवणीसाठी ऊब कशी द्यायची? नर्सरीत आम्ही बी टाकून पाणी दिलेले ट्रे एकावर एक रचून थप्पी लावतो आणि ती चारी बाजूंनी काळ्या प्लास्टिकच्या कागदाने बंद करतो. आत ऊब आणि दमटपणा टिकतो, वरून पुन्हा पाणी द्यावं लागत नाही. टोमॅटोची थप्पी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, थंडी असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी फोडायची असते. कागद उचलून वरून खाली हात घालून बघायचं: खणात कुठे पांढरी वाकलेली मान दिसली की त्याच तासाला थप्पी फोडून ट्रे उजेडात मांडायचे. तेव्हा फक्त चार-पाच टक्केच बी वर आलेलं असतं आणि नवख्या माणसाला वाटतं, अजून एक दिवस थांबू. तो एक दिवस रोपाला आयुष्यभर नडतो. अंधारात रात्रीतून ते बोटभर लांब, पिवळं, सुतासारखं होतं आणि मग कितीही ऊन दिलं तरी त्याचं खोड जाड होत नाही.

घरी एक-दोन ट्रे असतात, थप्पी लागत नाही. या दिवसांत नाशिकमध्ये द्राक्षाची रिकामी पेटी कुठेही मिळते. थर्माकोलची मिळाली तर उत्तम, पुठ्ठ्याची असेल तर आत जाड कापड अंथरा. ट्रे आत ठेवा, झाकण लावा, पेटी रात्री फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओट्याच्या गॅसकडच्या टोकाला, आणि दिवसा उन्हात. उन्हात ठेवताना झाकण किलकिलं करा. बंद पेटी भर दुपारी आतून इतकी तापते की बी शिजतं. दिवसातून दोनदा उघडून बघा. मिरची आणि वांग्यासाठी आणखी सोपा उपाय म्हणजे मटकीला मोड आणतो तशी पुरचुंडी. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी ओल्या सुती फडक्यात बांधा, डब्यात घालून उबेला ठेवा. फडकं रोज ओलवायचं, पिळून घ्यायचं. टोकाला पांढरा ठिपका दिसला की लगेच एकेक बी खणात ठेवा. मूळ अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेलं की उचलताना मोडतं. बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते भिजवू नका, हातात मोजे घाला आणि मुलांच्या हाती देऊ नका. तसं बी कोरडंच टाकायचं.

टोमॅटो लांब का झाला याचं उत्तर एका ओळीचं आहे: उजेड कमी पडला. स्वयंपाकघराच्या खिडकीत आपल्याला लख्ख वाटतं, पण रोपाला तो एका बाजूचा उजेड असतो आणि बाहेरच्या उन्हाच्या मानाने फार थोडा. रोप प्रकाशाच्या शोधात ताणतं. फेब्रुवारीत नाशिकला इतकं स्वच्छ ऊन असतं की ग्रो लाइटवर खर्च करायची मुळीच गरज नाही. उगवल्या दिवसापासून ट्रे बाहेर ठेवा. पहिले तीन-चार दिवस सकाळी अकरापर्यंतचं ऊन, नंतर दुपारी दोनपर्यंत, आणि दहाव्या दिवसानंतर दिवसभर. ट्रे थेट स्लॅबवर नको. दोन विटांवर किंवा पाटावर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते, पाणी निथळतं आणि रात्री स्लॅबचा गारठा चढत नाही. दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवा. वाऱ्याने हलल्यासारखं होऊन खोड आखूड आणि काटक होतं. ही गोष्ट करून बघण्यासारखी आहे.

पडलेल्या रोपांकडे मात्र जवळून बघा, कारण दोन वेगळ्या कारणांनी रोप आडवं पडतं. मातीलगत खोडाला बोटाने टेकवून बघा. तिथे खोड तपकिरी, पाणचट, दोरा बांधल्यासारखं आवळलेलं असेल तर तो मर रोग आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी ओल्या, कोंदट, दाट जागेत रोपाची मान कापतात. ते रोप वाचत नाही. ते आणि त्याच्या शेजारची रोपं माध्यमासकट काढा, उरलेल्यांचं पाणी एक दिवस तोडा, ट्रे मोकळ्या हवेत ठेवा आणि ट्रायकोडर्माचं (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पाणी द्या. खोड खालपर्यंत हिरवं, घट्ट आणि नुसतंच लांब असेल तर रोप निरोगी आहे. टोमॅटोच्या खोडाला जिथे माती लागते तिथे मुळं फुटतात, त्यामुळे अशी रोपं कागदी ग्लासात किंवा दह्याच्या रिकाम्या डब्यात दोन बीजपत्रांच्या (उगवताना येणारी पहिली दोन पानं) जेमतेम खाली येईपर्यंत खोल बसवा. आठ-दहा दिवसांत ती सावरतात. ही युक्ती फक्त टोमॅटोची. मिरची-वांग्याचं खोड असं गाडलं तर कुजायची भीती असते. ती जितकी खोल होती तितकीच लावायची.

माध्यमाबद्दल थोडं. आपली काळी माती शेतात सोनं आहे, पण रोपाच्या ट्रेला ती चालत नाही. पाण्याने चिकट होते, वाळली की आक्रसते आणि कोवळं मूळ तोडते. ट्रेसाठी कोकोपीट तीन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग पुरेसं. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट फुगून साधारण आठ-नऊ लिटर होते, त्यात ९८ खणांचे तीन ट्रे आरामात भरतात. वीट फुगली की लगेच भरू नका. नारळाच्या सालीत क्षार असतात; कोकोपीट दोन-तीन वेळा भरपूर पाण्यात भिजवून फडक्यातून पिळून घ्या. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, तिसरं बरंच फिकं. शेणखत वापरायचं तर पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं, हाताला गार लागणारं. अर्धवट कुजलेल्या खताने ट्रेमध्ये जितकी रोपं मरतात तितकी थंडीने मरत नाहीत.

खण भरताना दाबून गच्च करू नका. मध्ये बोटाच्या टोकाने अर्धा सेंटिमीटर खळगा, एका खणात एकच बी, वरून चिमूटभर कोकोपीट. पाकिटात बी भरपूर असतं आणि हात सैल सुटतो, पण एका खणात तीन रोपं वाढली की तिन्ही लांबडी होतात. एका ग्रॅममध्ये टोमॅटोचं तीनशेच्या आसपास बी असतं. गच्चीला वीस-पंचवीस रोपं बास. उरलेलं पाकीट घट्ट बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या हंगामाला उगवतं.

पाणी नेहमी सकाळी. संध्याकाळी दिलेलं पाणी पानांवर आणि खोडाशी रात्रभर राहतं आणि थंड रात्री तेच मर रोगाला बोलावतं. किती द्यायचं हे ट्रे उचलून कळतं: पाणी दिल्यावर एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, मग ट्रे हलका लागेल तेव्हाच पुन्हा द्या. फवाऱ्याच्या झारीने द्या, तळाच्या भोकातून दोन थेंब पडले की थांबा. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बरेच जण जपून झाडांना घालतात. मोठ्या झाडांना अधूनमधून चालेल, रोपांना नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. काही भागांतलं बोअरचं जड पाणीही तसंच. महापालिकेचं नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून वापरा.

कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं. बीजपत्रं पहिले आठ-दहा दिवस रोपाला पोसतात. त्यानंतर खऱ्या पानांची दुसरी जोडी दिसली की लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) आठवड्यातून एकदा, किंवा रासायनिक नको असेल तर गांडूळपाणी दहापट पातळ करून. याहून जास्त नको. हिरवंकंच, लुसलुशीत रोप बघायला छान वाटतं, पण लागणीनंतर पहिल्याच उन्हात तेच मान टाकतं. पानांत किंचित पिवळसर झाक आणि खोडावर जांभळट छटा असलेलं, आखूड रोप मला जास्त पसंत पडतं.

किडीचं एक सांगायलाच हवं, कारण उन्हाळी टोमॅटो-मिरचीचं खरं नुकसान इथे होतं. थंडी कमी झाली की पांढरी माशी आणि फुलकिडे वाढतात. पांढरी माशी टोमॅटोत पर्णगुच्छाचा विषाणू पसरवते, मिरचीत बोकड्या येतो. पानं वाटीसारखी वळतात, शेंडा गोळा होतो, आणि मग औषध नाही. रोप जितकं लहान असताना हा रोग लागेल तितकं नुकसान मोठं. म्हणून ट्रेवर पहिल्या दिवसापासून आच्छादन हवं. लोक मच्छरदाणी टाकतात. तिच्या जाळीतून डास अडतो, पांढरी माशी सहज आत जाते. नर्सरीत आम्ही ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी भोकं असलेली) कीटकरोधक जाळी वापरतो. घरी जुनी मलमलची ओढणी तारेच्या कमानींवर ताणून टाकली तरी काम होतं, कडा मात्र विटांनी दाबलेल्या हव्यात. जवळ एक पिवळा चिकट सापळा टांगा. आणि घरात कुणी तंबाखू मळत असेल, मिसरी लावत असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू द्यायचा नाही. तंबाखूच्या पानातला मोझॅकचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातावाटे टोमॅटो-मिरचीला लागतो. आमच्याकडे रोपं उचलणाऱ्या माणसांना हा नियम आहे आणि तो मी कधी सैल केलेला नाही.

विकतची रोपं घेताना पानं उलटी करून खाली माशी बसली आहे का ते बघा, आणि एक रोप खणातून काढून दाखवायला सांगा. चांगला नर्सरीवाला त्याला नाही म्हणत नाही. आधीच फूल लागलेलं रोप घेऊ नका. ते खणात अडकून म्हातारं झालेलं असतं. वाण विचाराल तर बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद न देणारा म्हणून काढलेला संकरित टोमॅटो आहे, गच्चीवर तो बरा. मिरचीत राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती घरगुती वापराला छान, झुपक्याने लागते. संकरित वाणाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी धरू नका, झाडं एकसारखी येत नाहीत.

लागणीआधी आठवडाभर रोप काटक करायचं. पाणी निम्म्यावर आणा, खत बंद, दिवसभर ऊन. दुपारी पानं किंचित मलूल दिसली आणि संध्याकाळी आपोआप ताठ झाली तर बरोबर चाललंय. टोमॅटो २५ ते ३० दिवसांचा, पाच-सहा पानांचा, वीतभर असताना लावायचा. वांगं पाच आठवड्यांचं, मिरची पाच-सहा आठवड्यांची.

कुंडी मोठी घ्या. टोमॅटोला वीस लिटरची, म्हणजे रंगाची मोठी बादली, तळाला भोकं पाडून. मिरचीला दहा-बारा लिटर चालते. कुंडीत लाल माती किंवा पोयटा दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग आणि हलकेपणासाठी भाताचं तूस एक भाग. घोटीकडच्या भात गिरण्यांत तूस स्वस्त मिळतं. मूठभर निंबोळी पेंड मिसळा. लागणीच्या आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी माती वाफशावर असते: मुठीत दाबली की गोळा होतो आणि टिचकी मारली की फुटतो.

लागण संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. तासभर आधी ट्रेला पाणी द्या. खणाच्या तळाच्या भोकातून पेन्सिलीच्या बोथट टोकाने गड्डा वर ढकला आणि दुसऱ्या हाताने रोप पानाला धरून उचला. खोडाला चिमटीत धरायचं नाही. पान फाटलं तर नवं येतं, खोड चेपलं तर रोप गेलं. गड्डा अख्खा सुटून आला आणि चारही अंगांनी पांढऱ्या मुळांनी विणलेला दिसला की रोप तयार आहे. मुळं तपकिरी असतील तर पाणी जास्त झालंय. तळाशी वेटोळी झाली असतील तर ती बोटाने मोकळी करा, नाहीतर कुंडीतही मूळ गोलच फिरत राहतं. टोमॅटोची खालची दोन पानं काढून खोड निम्म्यापर्यंत गाडा. कलमी रोप असेल तर मात्र जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. भोवतीची माती बोटांनी अलगद दाबा, तळव्याने ठोकू नका, आणि धारेने पाणी न देता हळू झिरपू द्या.

पुढचे चार दिवस दुपारी अकरा ते चार सावली हवी. पश्चिमेच्या बाजूने गोणपाट टांगला किंवा पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट धरली तरी पुरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं, म्हणजे लागणीनंतरचं दुसरं पाणी, मग वरची दोन बोटं माती कोरडी झाली की. रोज थोडं थोडं पाणी शिंपडत राहिलं तर मुळं वरच राहतात आणि एप्रिलमध्ये तीच पहिली भाजतात. मातीवर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला चार बोटं जाड अंथरा. फळ धरल्यावर कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही त्याची ती खूण, आणि त्यावर पहिलं औषध म्हणजे नेमाने पाणी. टोमॅटोला काठी लागणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात.

वेलांचं काम झटपट असतं. दुधी, दोडका, काकडी, कारलं यांची मुळं हलवलेली खपत नाहीत, म्हणून खणांऐवजी कागदी ग्लासात एकेक बी टाका. कारल्याचं कवच कठीण असतं. टोक नेलकटरने जरासं कातरा आणि बी रात्रभर भिजवा. बारा ते पंधरा दिवसांत दोन खरी पानं आली की ग्लासाचा तळ फाडून गड्डा न फोडता मोठ्या कुंडीत सोडा. उशीर केला तर वेल ग्लासातच ताणे सोडतो आणि मग रुसतो. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. उंच गच्चीवर त्या वेळी कीटक कमी असतील तर नर फूल तोडून मादी फुलाला हाताने टेकवा. मादी फुलाखाली इवलासा दुधी दिसतोच.

शेवटी अवकाळीचं. मार्च २०१४ ची गारपीट नाशिक जिल्ह्यातला कुठलाही शेतकरी विसरलेला नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ढग दाटून येणं आता नवं राहिलेलं नाही. टोमॅटोची दोन-तीन रिकामी कॅरेट गच्चीवर ठेवा. आभाळ भरून आलं की नव्या लागणीवर कॅरेट उपडं घाला, वर गोणपाट आणि वीट. कुंड्यांची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. पाऊस थांबल्यावर कॅरेट लगेच काढा, पानांवरचं पाणी झटका, दोन दिवस पाणी देऊ नका, आणि ऊन पडलं की ट्रायकोडर्माचं पाणी एकदा द्या.